बिनधास्त खा, मले पाहा!

आमच्या एकोडी गावात मला नावापेक्षा एका वाक्यानं जास्त ओळखतात. ‘शुद्ध तेल आहे, बिनधास्त खा. मले पाहा!’ हे ते वाक्य. तेलाचा डबा गिऱ्हाइकाच्या हाती देताना तीस वर्षं मी ते म्हणत आलो, आणि म्हणताना छातीवर थाप मारायचो. माझी अंगकाठी सडपातळ, केस अजून बरेचसे जागेवर, आणि सहासष्टाव्या वर्षीही मी सायकलनं साकोलीला जाऊन येतो. त्यामुळं कुणी पुरावा मागत नसे, पुरावा समोरच उभा असायचा.

आता मी ते वाक्य म्हणत नाही. का म्हणत नाही, हे एकदा लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा म्हटलं हेच लिहू. बाकीच्या गमती गावात सगळ्यांना पाठ आहेत.

माझा धंदा तेल विकण्याचा नव्हता, तेल काढून देण्याचा होता. या दोन्हींत फरक आहे. आमच्याकडे मुख्य पीक धानाचं. धान शेताच्या बांधीत उभं असतानाच, कापणीच्या आधी, ओल्या जमिनीत जवसाचं आणि लाखोरी डाळीचं बी फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, पाणी नाही, फाल्गुनापर्यंत जवस हाती येतं. शेतकरी आपलं जवस पोत्यात, आमच्या भाषेत चुंगडीत, भरून माझ्याकडे आणायचा, मी ते एक्सपेलरमधून काढून द्यायचो. एक्सपेलर म्हणजे जाडजूड लोखंडी नळी आणि तिच्यात फिरणारा मोठा स्क्रू. बी चिरडलं जातं, खालून तेल गळतं आणि पुढच्या तोंडातून ढेप बाहेर येते. ढेपेत तेल राहतं, म्हणून ती दोन-तीनदा परत घालावी लागते. बी चांगलं असेल तर तीन किलो जवसाला किलोभर तेल निघतं. तेल गिऱ्हाइकाचं, ढेप गिऱ्हाइकाच्या बैलांची, आणि मला मजुरी.

सकाळी मशीन थंड असतं. थंड मशीन पहिलं बी गिळून बसतं आणि तेल देत नाही. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाचं नुकसान होऊ नये यासाठी मी रोज घरचं दोन किलो जवस आधी टाकायचो. त्याला मी मशीनचा नाश्ता म्हणायचो. तरीही गिऱ्हाईक मशीनसमोरून हलायचं नाही. आपलं बी घातलं तर आपलंच तेल निघालं पाहिजे, दुसऱ्याचं नको, म्हणून दोन-दोन तास डोळा लावून बसायचे. एक म्हातारी तर पाणी प्यायला उठताना पिप्यावर स्वतःची चप्पल ठेवून जायची.

पण हे सगळं नंतरचं. सुरुवातीला कुणी बसायला येत नव्हतं.

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. वडील शेतमजूर होते. मी तुमसरला एका तेलमिलमध्ये दहा वर्षं राबून हे काम शिकलो आणि एक जुनं मशीन गावात आणून बसवलं. पहिल्या हंगामात लोक आले नाहीत असं नाही. पण काय घेऊन आले? करंज आणि मोहाच्या बिया. दिव्याचं तेल, गाडीच्या आसाला लावायचं तेल, खरजेला लावायचं तेल. खायचं जवस मात्र माझ्या दारावरून साकोलीला जायचं. करंज काढलेल्या मशीनमधून जवस काढलं तर कडू लागतं, हे एक सोयीचं कारण लोकांच्या हाताशी होतं. मी मशीन खोलून, घासूनपुसून ठेवायचो, तरी कारण काही संपलं नाही. खरं कारण कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या हंगामात यादोराव आला. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, पाच एकर धानाचा शेतकरी, गावातल्या जुन्या घरातला. भर दुपारी, चौकात माणसं बसलेली असताना, त्यानं जवसाची चुंगडी माझ्या दारात आणून टाकली. मी मशीन चालू केलं. तेलाची धार लागली तशी त्यानं फडक्यातली तांदळाची भाकर काढली, धारेखाली धरली, मधोमध तोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. उरलेली अर्धी त्यानं रस्त्याकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल अशी खाल्ली. मनगटावर ओघळलेलं तेलसुद्धा चाटलं.

‘मस्त वास येऊन राहिला गा,’ तो मोठ्यानं म्हणाला. ‘आता साकोलीले कायले जावाचं?’

त्या आठवड्यात चार चुंगड्या आल्या, पुढच्या हंगामात मोजायला फुरसत नव्हती. आणि यादोरावनं जे केलं त्याचा रिवाजच पडला. जो येईल तो घरून भाकर आणायचा, ताज्या कोमट तेलात बुडवायचा आणि पहिला घास मला द्यायचा. दहा गिऱ्हाइकं तर दहा घास. मी नाही म्हणत नसे. त्या घासाची किंमत मला ठाऊक होती. तो खाऊनच मी छातीवर थाप मारायला शिकलो.

संध्याकाळी घरी गेलो की माझी बायको चंद्रकला पाण्याचा तांब्या देताना एकच गोष्ट विचारायची, ‘आज कितीक झाले जी?’ बायकोला आपल्या धंद्याची काळजी आहे, याचं मला बरं वाटायचं. मंदीच्या दिवसांत मी दोन-चार वाढवून सांगायचो. दिवसभर बसून तीनच गिऱ्हाइकं झाली, हे बायकोला सांगणं जड जातं. ‘तेरा झाले’ असं म्हणून मी पाटावर बसायचो.

मग पिशवीतलं तेल आलं. ना रंग, ना वास. नव्या सुना जवसाच्या तेलाला नाक मुरडू लागल्या. जवस पेरणंच कमी झालं, आणि माझं मशीन हंगामातही अर्धा दिवस बंद राहू लागलं. काही वर्षांनी वारं पुन्हा फिरलं. शहरातल्या लोकांना मोबाईलवर कळलं की जवस फार गुणाचं असतं. साकोलीचा एक व्यायामशाळेवाला तरुण मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, ‘काका, ओमेगा पाहिजे.’ मला वाटलं मशीनचा सुटा भाग मागतोय. तो माझ्या घरच्या जवसाचं ताजं तेल घेऊन गेला आणि कुणाचं तरी ऐकून रोज पहाटे अर्धा कप पिऊ लागला. चौथ्या दिवशी फोन आला, जुलाबांनी आवाज खोल गेलेला. औषध म्हणून घ्यायचं तरी चमचाभर घ्यायचं असतं बाबा, हे मी त्याला तेव्हा सांगितलं. आधी सांगायला पाहिजे होतं.

दुसरे एक गृहस्थ नागपूरहून गाडी घेऊन आले, पंधरा किलो जवसाचं तेल मागितलं. मुलीच्या लग्नात भजी तळायची होती. मी परत पाठवलं. जवसाचं तेल नाजूक. कडकडीत तापवलं की त्याचा गुण जातो, धूर होतो, आणि उघडं ठेवलं तर लवकर खवट होतं. ते भाकरीवर घ्यावं, चटणीत घालावं, नाहीतर बी भाजून कुटून खावं. फोडणीला आणि तळणाला शेंगदाण्याचं बरं, तिळाचं बरं, आणि आपल्या धानाच्या कोंड्याचंही तेल चांगलं टिकतं. एकाच तेलाला आयुष्यभर चिकटून राहण्यापेक्षा आलटून पालटून खावं. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. डालडा नकोच. एवढं ज्ञान मला गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकत, शिकलेल्या माणसांना विचारत मिळालं होतं, आणि ते मी ऐटीत वाटत होतो.

एकदा भंडाऱ्याहून एक आहारतज्ज्ञ बाई आल्या. गावात कसलं तरी शिबिर होतं, ते आटोपून मशीन बघायला थांबल्या. मी त्यांना सगळं दाखवलं, कोणतं तेल कशाला चांगलं ते घडाघडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘दादा, तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरी महिन्याला तेल किती लागतं?’

कुणाच्या बीत ओल किती, ढेपेत तेल किती उरलं, हे मी नुसत्या हातानं सांगायचो. पण डबा घरी गेल्यावर किती दिवसांत संपतो, हे कधी विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, ‘कोणतं तेल हा अर्धा प्रश्न झाला. किती, हा अर्धा राहिला. माणशी दिवसाला तीन-चार चहाचे चमचे पुरे होतात, सगळं धरून.’

आजूबाजूला पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणालो, ‘बाई, ते बाजारच्या तेलाचं. शुद्ध तेलाले माप नसते. मले पाहा!’ आणि थाप मारली. सगळे हसले. बाईही हसल्या आणि गाडीत बसून गेल्या. हसणाऱ्यांत यादोराव पुढं होता. हे मला आता आठवलं की बरं वाटत नाही.

यादोरावनं जवस कधी सोडलं नाही. पिशवीतल्या तेलाच्या दिवसांतही त्यानं उतेरा टाकला. बाजूला थोडा तीळ, थोड्या भुईमुगाच्या शेंगा. तिन्हींचं तेल माझ्याकडून. विकतची पिशवी फोडताना घरातल्या बाईचा हात आपोआप आखडता राहतो. घरच्या बीचं, घरच्या माणसासमोर काढलेलं तेल पिप्यात असलं की हात मोकळा सुटतो, आणि त्यात दोष आहे असं कुणालाच वाटत नाही. बाहेरचं वड्याचं, भज्याचं तेल वाईट म्हणून हीच माणसं तोंडाला लावत नाहीत. यादोरावच्या घरी भाजीवर तेलाचा बोटभर थर असायचा. तो भात कालवायचा तो त्या थरात. जेवण झाल्यावर ताट हातानं पुसून तेच हात पिंडऱ्यांना चोळायचा आणि म्हणायचा, ‘आतूनबी तेल, बाहेरूनबी तेल.’

दोन वर्षांपूर्वी धानाच्या मळणीच्या वेळी तो खळ्यावर घामाघूम होऊन बसला. डावा हात धरून बसला आणि बोलेना. त्याची धाकटी मुलगी प्रणाली पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज पहाटे रस्त्यानं धावायची. तिनंच धावत जाऊन शेजाऱ्याची गाडी आणली. साकोली, तिथून नागपूर. हृदयाच्या नळीत दोन स्प्रिंगा टाकल्या आणि बारा दिवसांनी तो घरी आला.

मी भेटायला गेलो तेव्हा जेवणाची वेळ होती. कौशल्यावहिनींनी त्याच्यापुढं ताट ठेवलं. उकडलेला दोडका, वरण, भात. त्यानं ताट सरकवलं.

‘हे कुत्रंबी खाणार नाही. घरात पिपाभर तेल आहे ना? टाक.’

‘डॉक्टरनं काय सांगितलं होतं?’ वहिनी म्हणाल्या.

‘डॉक्टरनं बाजारातल्या तेलाचं सांगितलं. हे मनोहरच्या मशीनचं आहे.’ मग तो माझ्याकडे वळला. आवाज बारीक झालेला, पण डोळ्यांत तीच मिस्कील चमक. ‘सांग गा हिले. तू तर माझ्याहून जास्त खातेस. मशीनवर खातेस, घरी खातेस. तुले काही झालं काय?’

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. प्रणाली दारात उभी होती. मला बोलायला पाहिजे होतं. पण तीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, ‘मले तर काही नाही झालं, भाऊ.’

‘ऐकलं?’ यादोराव म्हणाला, आणि वहिनींनी उठून त्याच्या दोडक्यावर तेल घातलं.

निघालो तर वहिनी अंगणापर्यंत आल्या. ‘मनोहरभाऊ, हे डॉक्टरचं ऐकत नाही. माझं तर नाहीच नाही. तुमचं ऐकते. एवढ्याशा पायऱ्या चढूनबी यांले दम लागून राहिला. तुम्ही सांगा ना.’ त्यांनी पदर तोंडाला लावला. प्रणाली मागे उभी राहून ऐकत होती. तिचं तोंड मला ओढलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, ‘मी तेलाचं काहीच खात नाही काका. काट्यावरचं वजन कमी करायचंय. परवा धावताना चक्कर आली, पण होईल सवय.’ बापानं माझं ऐकून तेलात हात घातला होता, मुलीनं मोबाईलचं ऐकून तेल सोडलं होतं, आणि चूल दोघांची एकच होती.

घरी आलो. चंद्रकलानं पाणी दिलं आणि विचारलं, ‘आज कितीक झाले जी?’

मी चिडलो. ‘मशीनवर गेलोच नाही आज. यादोभाऊकडं होतो.’ आणि मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, ‘तो म्हणते ते खोटं थोडीच आहे? मी त्याच्यापेक्षा जास्त तेल खाल्लं असंल. मग त्यालेच काहून झालं? मले काहून नाही?’

चंद्रकला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुम्ही कुठं खाल्लं जास्त?’

‘म्हंजे?’

‘घरी खाता ते मले ठाऊक. तुमच्या भाजीत मी मोजून तेल टाकते. लहानी पळी आहे ना, पितळेची, तिनं. माझ्या मायनं दिलेली. तिच्या घरी तेल कमीच राहे, तिनं तशीच सवय लावली.’

‘आन् मशीनवर खातो ते?’

‘ते धरूनच तर टाकते.’ आता तिनं मान वर केली. ‘रोज विचारते ना, आज कितीक झाले म्हणून? जितके गिऱ्हाईक, तितके घास. तितकं तेल मी भाजीतून कमी करते. दहाच्या वर झाले का फोडणीच देत नाही, वरून जिरं भाजून टाकते. तुम्हाले कुठं समजते?’

मी भिंतीला टेकून बसलो. तीस वर्षं ती मला धंदा विचारते आहे असं मी समजत होतो. ती घास मोजत होती. आणि मंदीच्या दिवशी मी तीनाचे तेरा करून सांगायचो तेव्हा मला बिनतेलाची भाजी मिळायची. थापा मारून मारून मी सडपातळ राहिलो होतो. मला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी यादोरावचं ‘तुले काही झालं काय?’ आठवलं. गावाला मी जो पुरावा दाखवत होतो, तो खोटा होता. ज्या माणसानं माझ्या तेलावर सगळ्या गावासमोर विश्वास दाखवला, त्यानंच तो सगळ्यात खरा मानला होता.

‘हे तू मले सांगितलं काहून नाही?’

‘सांगितलं असतं तर ऐकलं असतं?’ ती म्हणाली. ‘त्या भंडाऱ्याच्या बाईचं ऐकलं का तुम्ही?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनला कुलूप लावलं आणि चंद्रकलाला घेऊन यादोरावकडे गेलो. तिनं ती पितळी पळी पदराला बांधून घेतली होती. ती सरळ चुलीकडे गेली. मी खाटेजवळ बसलो आणि सगळं सांगितलं, थापांसकट. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करायची हिंमत झाली नसती.

यादोराव कोपरावर रेलून उठला. मग म्हणाला, ‘म्हंजे तीस वर्ष तू मले फसवला.’

‘मलेच माहीत नव्हतं, भाऊ.’

‘तुले नसंल माहीत. पण तुह्या घरात मोजणारं होतं.’ तो थांबला, दम घेतला. ‘माह्या घरात नव्हतं. मी तुह्या भरोशावर होतो.’

मी म्हणालो, ‘तेल शुद्धच होतं. त्यात खोट नाही. माझ्या बोलण्यात खोट होती.’

‘जा तू आता,’ तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आत चंद्रकला कौशल्यावहिनींना पळी दाखवत होती. घरात माणसं किती, एका वेळेला पळ्या किती, आधी तेल तापवून त्यात मोहरी तडतडू द्यायची, वरून ओतायचं नाही. प्रणालीलाही तिनं समोर बसवलं होतं. ‘बापाची शिक्षा तू कायले भोगतेस? धावणाऱ्या पोरीच्या अंगाले तेल पाहिजे. पण ते तर्रीतून नको. मूठभर शेंगदाणे खाय, भाजलेल्या जवसाची चटणी खाय, तिळाची वडी खाय. डॉक्टरले दाखव, चक्कर काहून आली ते विचार.’ पोरगी मान हलवत होती. निघताना चंद्रकलानं पळी तिथंच ठेवली. घरी आल्यावर ती दोन महिने अंदाजानं तेल घालत राहिली आणि तिला ते आवडलं नाही, पण मागायला गेली नाही.

यादोराव बोलायचा थांबला. रस्त्यात दिसला तर बांधावरून वळून जायचा. रोज सकाळी फिरायला जातो, ताटात तेल कमी झालं, दम लागणं बंद झालं, हे सगळं मला प्रणालीकडून कळायचं. ती पुन्हा धावायला लागली होती आणि पहाटे माझ्या मशीनवरून जाताना शटर वाजवून जायची. बरं वाटायचं. पण एवढ्या वर्षांचं माणूस दुरावलं होतं, आणि ते माझ्याच तोंडानं घालवलं होतं. मशीनवर मी डबा मुकाट्यानं देऊ लागलो. लोक विचारायचे, ‘मनोहरभाऊ, आज मले पाहा नाही?’ मी सांगायचो, पळी पाहा. मग हळूहळू सगळी हकीकत सांगायचो. काही जण हसायचे, काही जण किती पळ्या ते विचारायचे. भाकरीच्या घासाला मी हात जोडू लागलो. लोकांना वाईट वाटायचं. मलाही वाटायचं.

फाल्गुन आला. जवसाच्या चुंगड्या येऊ लागल्या. एके दिवशी भर दुपारी यादोराव आला. चुंगडी स्वतः उचलायची त्याला मनाई होती, म्हणून प्रणालीनं ती गाडीवरून उतरवली आणि ती निघून गेली. दरवर्षीपेक्षा निम्मीच चुंगडी होती. तो माझ्याशी बोलला नाही. मशीनसमोरच्या फळीवर बसला, अनोळखी गिऱ्हाईक बसतं तसा, पिप्यावर डोळा लावून. चौकातली माणसं बघत होती. मी जवस टाकलं, ढेप दोनदा फिरवली. तेलाची धार लागली.

यादोरावनं खिशातून फडकं काढलं. त्यात भाकरीचा एवढासा तुकडा होता, लहान मुलाच्या तळव्याएवढा. त्यानं तो धारेखाली धरला, तेल निथळू दिलं, तोडला आणि अर्धा माझ्यापुढं केला. मी हात जोडायला गेलो.

‘खाय,’ तो म्हणाला. ‘मी खातो का नाही?’

आम्ही दोघांनी खाल्लं. त्या वर्षीचं जवस गोड होतं.

‘सोड ते फसवल्याचं,’ थोड्या वेळानं तो म्हणाला. ‘पण घरी गेल्यावर चंद्रकलाले सांगजो, एक घास झाला म्हणून. लपवजो नको.’ मग आठवल्यासारखं फडक्यातून ती पितळी पळी काढून माझ्या हातात दिली. ‘अन् हे दे तिले. आम्ही आमची घेतली.’

प्रणाली त्या भरतीत मैदानी चाचणी पास झाली, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली, आता पुन्हा तयारी करते आहे. यादोराव बरा आहे. मशीन यंदापासून माझी सून चालवते. तिनं भिंतीवर एक मापाची पळी टांगली आहे आणि माझं वाक्य ती कधीच म्हणत नाही.

यादोरावनं पळी परत दिली त्या संध्याकाळी मी घरी गेलो. चंद्रकलानं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, ‘आज कितीक झाले जी?’

नऊ गिऱ्हाइकं झाली होती. मी म्हणालो, ‘घास एकच. यादोभाऊचा.’ आणि पळी तिच्यापुढं ठेवली.

तिनं पळी धुतली, पुसली, चूल पेटवली. मी जन्मभर तेल काढलं, पण पाटावर बसून तिची पळी किती भरते ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.